कर्करोग ताटातून येतो का?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई मुलाबरोबर दवाखान्यात आल्या. उजव्या स्तनात लिंबाएवढी गाठ होती.

"मावशी, कधीपासून आहे ही?"

"दिवाळीच्या आधीपासून. तेव्हा हरभऱ्याएवढी होती."

आषाढ चालू होता. म्हणजे आठ महिने उलटून गेले होते. मी मुलाकडे पाहिले. तो म्हणाला, "डॉक्टर, आम्ही नुसते बसून नव्हतो. आईची साखर बंद केली, दूध बंद केले, भात बंद केला. रोज सकाळी गव्हांकुरांचा रस देतोय. गाठ विरघळेल असे सांगितले होते."

मावशी मात्र वेगळ्याच विचारात होत्या. हळूच म्हणाल्या, "आमच्या घरात मटण नाही, दारू नाही. मी मिश्रीसुद्धा कधी लावली नाही. मग माझ्या खाण्यात काय चुकले हो?"

या मायलेकांच्या बोलण्यात दोन प्रश्न होते आणि ते अनेक घरांत विचारले जातात. खाण्यामुळे कर्करोग होतो का? आणि खाण्याने तो बरा होतो का? पहिल्याचे उत्तर आहे, "काही प्रमाणात, आणि तेही अनेक वर्षांत." दुसऱ्याचे उत्तर आहे, "नाही." ही दोन उत्तरे एकमेकांत मिसळली की घात होतो.

आहाराचा संबंध कसा कळला?

आपल्या शरीरातील पेशी झिजतात आणि त्यांच्या जागी नव्या तयार होतात. हे काम ठराविक शिस्तीत चालते. एखाद्या पेशीच्या आतील आज्ञावलीत बिघाड झाला, असे बिघाड साचत गेले आणि शरीराला ते दुरुस्त करता आले नाहीत, तर ती पेशी बेबंद वाढू लागते. हाच कर्करोग. याला बहुधा दहा, वीस, कधी तीस वर्षेही लागतात. त्यामुळे काल खाल्लेल्या वड्याने आज गाठ होत नाही, आणि आज प्यायलेल्या रसाने उद्या ती जातही नाही.

आहाराचा संबंध शास्त्रज्ञांच्या लक्षात आला तो स्थलांतरित लोकांमुळे. जपानमध्ये जठराचा कर्करोग खूप, तर मोठ्या आतड्याचा आणि स्तनाचा कमी होता. अमेरिकेत नेमके उलटे होते. जपानी कुटुंबे अमेरिकेत जाऊन स्थायिक झाल्यावर पुढच्या पिढ्यांत जठराचा कर्करोग घटला आणि आतड्याचा व स्तनाचा वाढला. रक्त तेच, वंश तोच; बदलले ते राहणीमान आणि ताट.

१९८१ साली रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पेटो या इंग्लंडमधील संशोधकांनी एक अंदाज मांडला. अमेरिकेतील कर्करोगाच्या मृत्यूंपैकी सुमारे ३५ टक्के आहाराशी निगडित असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र हा आकडा १० पासून ७० टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो, हेही त्यांनीच लिहून ठेवले. पुढच्या अभ्यासांनी हा अंदाज बराच खाली आणला आहे. तरीही आहाराचा वाटा आहे, यात शंका नाही.

आधी तोंडात काय जाते ते पाहा

आपल्याकडे आहाराची चर्चा करताना एक गंमत होते. माणूस गालात तंबाखूचा बार धरून विचारतो, "डॉक्टर, वांगे खाऊ का?" तंबाखू, मिश्री आणि गुटखा हे अन्न नव्हे, पण तोंडाच्या कर्करोगाचे आपल्या भागातील मुख्य कारण तेच आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी सवय सुटलेली नाही.

"मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो," असे सांगणारेही पुष्कळ भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ मध्ये नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठ होते, तिखट झोंबू लागते, तोंड पुरेसे उघडत नाही. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर दाखवायला उशीर करू नका.

दारूला याच संस्थेने १९८८ मध्ये कर्करोगकारकांच्या यादीत घातले. देशी असो वा विलायती, शरीरात तिच्यापासून पेशींना इजा करणारे तेच रसायन तयार होते. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन या सर्वांचा धोका दारूने वाढतो. तंबाखू आणि दारू एकत्र आली तर धोका कित्येक पटींनी वाढतो.

डब्यातले शेंगदाणे

आता स्वयंपाकघरात येऊ. शेंगदाण्याच्या कुटाशिवाय आपले पान हलत नाही. पण दमट हवेत शेंगदाणे, मका, सुके खोबरे, लाल मिरची यांवर हिरवट-पिवळी बुरशी येते. ती 'अफ्लाटॉक्सिन' नावाचे विष तयार करते.

हे विष सापडले ते १९६० साली. इंग्लंडमध्ये टर्की जातीचे हजारो पक्षी एकाएकी मेले. शोध घेता त्यांच्या खाद्यातली बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड कारणीभूत निघाली. आपल्या शेजारी, गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत १९७४ च्या अखेरीस काविळीची साथ आली आणि शंभरावर माणसे दगावली. पावसात भिजलेला, बुरशी चढलेला मका या आदिवासी कुटुंबांनी खाल्ला होता. दुसरे धान्य घरात नव्हते.

एवढे विष एकदम पोटात जाणे विरळा. पण थोडे थोडे वर्षानुवर्षे जात राहिले, तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ज्याला 'हिपॅटायटिस बी' या काविळीचा जुना संसर्ग आहे, त्याला तर हा धोका फारच जास्त. म्हणून बाळांना सरकारी लसीकरणात मोफत मिळणारी या काविळीची लस चुकवू नये. ती एका अर्थाने कर्करोगाचीही लस आहे.

लक्षात ठेवण्याची मुख्य गोष्ट अशी की हे विष घरगुती भाजण्याने किंवा शिजवण्याने पुरते जात नाही. "जरा खराब आहेत, भाजून चटणी करू," हा विचार सोडून द्यावा. पुढील काळजी घ्यावी :

- शेंगा आणि दाणे कडक उन्हात वाळवूनच भरावेत. पोती जमिनीला टेकवू नयेत, फळीवर ठेवावीत.
- पावसाळ्यात दाणे थोडे थोडे आणून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावेत.
- काळपट, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे निवडून फेकावेत. घाण्यावर नेण्याच्या शेंगदाण्यांतूनही ते वेगळे काढावेत.
- बुरशीची पेंड गायी-म्हशींना घालू नये. त्या विषाचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध आपल्याच लेकरांच्या पोटात जाते.

निवडलेले, कोरडे शेंगदाणे हे उत्तम अन्न आहे. वाचून शेंगदाणेच बंद करू नका!

चोथा, मांस आणि मीठ

डेनिस बर्किट या शल्यविशारदाने आफ्रिकेत अनेक वर्षे काम केले. तिथल्या खेड्यांतील लोकांना मोठ्या आतड्याचे आजार फार कमी होतात, हे त्याने पाहिले. १९७० च्या सुमारास त्याने मत मांडले की त्यांच्या जेवणातील भरपूर चोथा हे त्याचे कारण असावे. पुढील संशोधनातून या मताला बराच आधार मिळाला. चोथ्यामुळे मळ आतड्यात फार काळ रेंगाळत नाही. शिवाय आतड्यातील उपयुक्त जिवाणू त्यावर जगतात आणि आतड्याच्या अस्तराला पोषक द्रव्ये पुरवतात.

हा चोथा विकत आणावा लागत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, न चाळलेल्या कणकेची पोळी, सालीसकट डाळी, मटकीची उसळ, मेथी, शेपू, अंबाडी, पेरू यांत तो आहे. बटाटा-रताळे सोडून दिवसाला ४०० ग्रॅम फळे-भाज्या प्रत्येक मोठ्या माणसाने खाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या ताटात भाजी चवीपुरती असते. ती पोटभरीची व्हावी. तिथे सफरचंदच हवे असे नाही. बाजारातला पेरू, पपई, बोरे, चिंचेच्या झाडाखाली बसणाऱ्या भाजीवालीची पालेभाजी पुरेशी आहे.

मांसाबद्दल बोलायचे तर २०१५ मध्ये सॉसेज, हॅम, बेकन अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवण्यात आले. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. याचा अर्थ शंभरातल्या अठरा जणांना रोग होतो असा नाही. समजा हजारात ५० जणांना होणार असेल, तर ५९ जणांना होईल. बोकड, गाय, डुक्कर यांच्या साध्या मांसाबद्दलचा पुरावा याहून कमी बळकट आहे. रविवारच्या मटणाने घाबरून जाऊ नये; रोजचे मात्र नको. अंडी आणि मासे या यादीत नाहीत.

अति खारवलेल्या पदार्थांचा जठराच्या कर्करोगाशी संबंध आहे. लोणचे, पापड, खारवलेली मिरची तोंडी लावण्यापुरती असावी. चहाचेही तसेच. ६५ अंशांहून गरम पेये सतत पिण्याने अन्ननलिकेला इजा होते. चहा बशीत ओतून, फुंकर घालून पिणारी जुनी मंडळी शहाणीच म्हणायची.

वजन आणि गोळ्या

शहरांतच नव्हे, तालुक्याच्या गावीही आता पोटे सुटू लागली आहेत. लठ्ठपणामुळे धोका वाढतो अशा १३ प्रकारच्या कर्करोगांची यादी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. मासिक पाळी थांबल्यानंतर स्त्रीच्या शरीरातील चरबीतून 'इस्ट्रोजेन' हे संप्रेरक तयार होत राहते आणि ते स्तन व गर्भाशयाच्या पेशींना वाढीस उत्तेजन देते. त्यामुळे फरसाण, बिस्किटे, गोड शीतपेये आवरणे आणि रोज तासभर चालणे हीसुद्धा कर्करोगविरोधी उपाययोजनाच आहे.

"मग जीवनसत्त्वांच्या गोळ्याच घेतल्या तर?" असे कोणी विचारील. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर हा प्रयोग झाला. गाजरात असणाऱ्या 'बीटा-कॅरोटीन'च्या गोळ्या त्यांतील काहींना दिल्या. १९९४ मध्ये निष्कर्ष आला आणि सारे चकित झाले. गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला! गाजर खावे, गाजराचा अर्क गोळीत भरून खाल्ल्याने गाजराचे गुण येत नाहीत.

आहार जिथे थांबतो

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. त्यांच्या खाण्यात काहीच चुकले नव्हते. वाढते वय, आनुवंशिकता, संप्रेरके, काही विषाणू आणि निव्वळ योगायोग यांचाही कर्करोगात मोठा वाटा असतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग तर प्रामुख्याने विषाणूमुळे होतो. उत्तम आहाराने धोका कमी होतो, शून्य होत नाही. म्हणून रोग्याला "तूच काहीतरी खाल्ले असशील" असे कधीही म्हणू नये.

आणि मुलाचा प्रश्न. साखर बंद केल्याने गाठ उपाशी मरत नाही. शरीर आपल्याच स्नायूंतून साखर बनवते. गाठ वाढते आणि माणूस खंगतो. उपचार चालू असताना रुग्णाला उलट जास्त ताकद लागते. वरण-भात, दूध, दही, अंडी, उसळ, चालत असेल तर मासे असे जे पोटात ठरेल ते थोडे थोडे, पुन्हा पुन्हा द्यावे. मधुमेह वगैरे असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पथ्य ठरवावे.

दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, पांढरा चट्टा, स्तनातील किंवा अन्यत्र गाठ, पाळी थांबल्यावर अंगावरून जाणारे रक्त, शौचातून रक्त, गिळताना अडकणे, बसलेला आवाज, विनाकारण घटणारे वजन यांपैकी काहीही दिसले तर तपासणी करा. ती गाठ कर्करोगाची असेलच असे नाही. पुष्कळ गाठी साध्या असतात. खर्चाच्या भीतीने थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. सरकारी रुग्णालयात चौकशी करावी.

मावशींवर शस्त्रक्रिया झाली, औषधोपचार झाले. त्या आज आहेत. पण हरभऱ्याएवढ्या गाठीला जेवढ्यात भागले असते, त्याहून कितीतरी जास्त त्यांना सोसावे लागले. मुलगा अजून भेटला की एकच बोलतो, "डॉक्टर, ते आठ महिने..."

ताटाची काळजी आजपासून घ्या, तिचे फळ पुढच्या वीस वर्षांत मिळेल. गाठ दिसली तर मात्र वीस दिवसही थांबू नका.