खांबातला वाख

केळीचं झाड एकदाच घड देतं. घड उतरला, ट्रकमध्ये चढला, की जळगाव जिल्ह्याच्या रावेर-यावल पट्ट्यात त्या झाडाचं नाव उरतं फक्त 'खांब'. पिलबाग घ्यायची, म्हणजे मुळाशी आलेलं पिल वाढवायचं, तर खांब तोडून बागेबाहेर काढावा लागतो. एका हेक्टरमधून असा ओला माल साठ ते ऐंशी टन निघतो आणि त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. पेटवावा तर पेटत नाही, गुरं तरी किती खाणार! म्हणून मजुरी देऊन तो बांधावर, नाल्यात, नाहीतर रस्त्याच्या कडेला टाकला जातो. ''घड व्यापाऱ्याचा, पिल माझं, न् खांब कोनाचाच नाही,'' एका शेतकरी दादांनी मला सांगितलं.

या कोणाच्याच नसलेल्या खांबात धागा असतो. शंभर किलो खांबातून किलो-दीड किलो सुका धागा मिळतो. तो सिमेंटच्या गिलाव्यात मिसळला तर बारीक तडे रोखतो. रेझिनमध्ये बसवला तर त्याचं दाराचं पॅनेल होतं, खुर्चीची बैठक होते, गाडीच्या आतलं अस्तर होतं. या धाग्याबद्दल जे काही बोललं जातं ते बहुतेक त्याच्या ताकदीबद्दल. पण शेतातल्या शेडपासून प्रयोगशाळेतल्या यंत्रापर्यंत त्याच्या मागोमाग फिरलं की दिसतं, ताकद त्याच्याकडे मुळातच आहे. खरं काम आहे ते धुण्याचं आणि वाळवण्याचं, आणि त्याच कामाला कोणी किंमत देत नाही.

शेड साधीच. वर पत्रा, एका अंगाला खांबांची रास. खांब तोडल्यापासून दोन दिवसांच्या आत इथे पोचायला हवेत, नाहीतर चीक आतल्या आत काळा पडतो आणि धाग्याला तो रंग कायमचा बसतो. एक काकू कोयत्याने खांब उभा चिरतात आणि त्याची सोपटं एकेक करून सोलतात. बाहेरची तीन-चार सोपटं जाड, राठ. ती एका ढिगात. आतली पांढरी, मऊ सोपटं दुसऱ्या ढिगात. अगदी मधला गाभा बाजूला, कारण त्यातला धागा हाताने ओढला तरी तुटतो. ही वाटणी त्या डोळ्यांनी आणि अंगठ्याने करतात. पुढे प्रयोगशाळेत एकाच झाडाच्या धाग्यांची ताकद दुपटी-तिपटीने कमीजास्त भरते. त्यामागचं मोठं कारण हेच, की बाहेरचं आणि आतलं सोपट एकत्र झालेलं असतं.

यंत्र म्हणजे मोटरवर गरगर फिरणारा लोखंडी ढोल, त्यावर बोथट पाती. पाती धारदार असती तर धागा कापला गेला असता. बोथट असल्यामुळे ती फक्त गर खरवडतात. यंत्रावरच्या ताई सोपटाचं एक टोक हातात घट्ट धरून दुसरं टोक आत सारतात. खरखर आवाज होतो, खाली ओला लगदा पडतो, चिकाचे शिंतोडे उडतात. मग सोपट मागे ओढायचं, उलटं करायचं आणि राहिलेली बाजू आत द्यायची. काही क्षणांत हातात फिकट पिवळ्या ओल्या धाग्यांची जुडी येते. शेजारी नवीन आलेली एक मुलगी जुडी नीट धरता यावी म्हणून ती बोटांभोवती घेऊ लागली, तेव्हा ताई जोरात ओरडल्या, ''बोटाले गुंडायू नको, बाई! सोडता आलं पाहिजे.'' ढोलाने धागा ओढला तर बोटंही ओढली जातील. इथे शिकण्याची पहिली गोष्ट हीच. सगळ्या जणींची बोटं चिकाने काळी-तपकिरी झालेली असतात. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही, तसा तो कातडीवरूनही लवकर जात नाही.

खाली पडलेला लगदा आणि निथळलेलं पाणी शेतात परत गेलं पाहिजे, याबद्दल मी आग्रही आहे. केळी जमिनीतून पालाश भरपूर उचलते आणि त्याचा मोठा वाटा खांबात असतो. खांबच्या खांब गावाबाहेर गेला, तर उद्या तेच पालाश पोत्यातून विकत आणावं लागेल. नवसारीच्या कृषी विद्यापीठाने खांबाच्या रसापासून द्रवरूप खत तयार करून दाखवलं आहे; लगद्याचं गांडूळखत तर कुठेही होतं. धागा म्हणजे खांबाचा शंभरावा हिस्सा. तो घेऊन बाकीचं मातीला परत करता येतं.

यानंतर धुणं. हे काम दिसायला सगळ्यात सोपं आणि परिणामाने सगळ्यात मोठं. खांबाच्या रसात साखर असते, आणि सिमेंटला साखर अजिबात चालत नाही. वजनाच्या हजारात एक भाग साखर गेली तरी ते वेळेवर घट्ट होत नाही. चुन्याच्या जुन्या बांधकामात गूळ मुद्दाम घालत. चुन्याला तो मानवायचा, सिमेंटची जात वेगळी. हे शेडमधल्या लोकांना कळावं म्हणून आम्ही सिमेंटच्या दोन चकत्या घातल्या. एक साध्या पाण्यात कालवलेली, दुसरी न धुतलेले धागे रात्रभर भिजवलेल्या पाण्यात. दुसऱ्या दिवशी पहिलीवर नखाने ओरखडा उठेना. दुसरीत नख सहज रुतलं. ताईंनी दोन्ही चकत्या हातात घेऊन आलटून पालटून पाहिल्या आणि विचारलं, ''मंग किती पान्यात धुवायचं?'' उत्तर असं, की पाणी नितळ दिसेपर्यंत. कधी तीनदा, कधी चारदा. ज्या भागात उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात तिथे हे उत्तर देणं सोपं नाही. पण शेवटचं पाणी पुढच्या जुडीच्या पहिल्या धुण्याला वापरता येतं, आणि पहिलं पाणी, साखर-पालाशासकट, बागेला देता येतं. तशी टाकी त्यांनी आता एकापुढे एक मांडली आहेत.

वाळलेला धागा हातात घेतला की कडक, चकचकीत लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तो एकसंध नसतो. अनेक पोकळ पेशी लांबीच्या दिशेने एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्या पोकळीमुळे तो हलका असतो. काचेच्या धाग्याच्या साधारण निम्म्याच घनतेचा. पोकळीमुळेच तो पाणीही पितो, आणि त्याच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. कोरडा धागा सिमेंटच्या ओल्या मसाल्यात टाकला तर तो मसाल्यातलं पाणी ओढून फुगतो. पुढे मसाला सुकताना धागा आक्रसतो आणि त्याच्याभोवती बारीक फट राहते. पकड सुटते. म्हणून धागा आधी भिजवून, वरचं पाणी पुसून, मगच मिसळायचा. लांबी वीस ते तीस मिलिमीटर, प्रमाण घनफळाच्या अर्धा ते एक टक्का. त्याच्यावर गेलं की गुठळ्या होतात, आणि गुठळी असलेली जागा मसाल्यात भोकासारखीच कच्ची राहते.

प्रयोगशाळेत या मसाल्याच्या, म्हणजे मोर्टारच्या, पट्ट्या वाकवून मोडतात. साधी पट्टी टक्कन मोडते, दोन तुकडे वेगळे होतात. धागा घातलेली पट्टी जवळपास तेवढ्याच भाराला तडकते, पण पडत नाही. तडा उघडत जातो आणि त्यात धागे आरपार ताणलेले दिसतात. भार वाढवला की ते एकेक करून निसटतात, तुटतात. धागा सिमेंटची ताकद फारशी वाढवत नाही, त्याचा ठिसूळपणा कमी करतो. गिलावा ओला असताना पहिल्या काही तासांत वरचं पाणी उडून जे केसासारखे तडे पडतात, तिथे याचा सगळ्यात चांगला उपयोग. केळीचा धागा लोखंडी सळईची जागा घेईल असं जे लोक सांगतात, त्यांनी ते थांबवावं. छताचा किंवा तुळईचा भार या धाग्यावर सोपवणं म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ आहे.

सिमेंटमध्ये धाग्याला आणखी एक शत्रू भेटतो. सिमेंट घट्ट होताना त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं आणि आतलं पाणी कडक अल्कधर्मी होतं. पेशींना जोडून ठेवणारं लिग्निन त्यात हळूहळू विरघळतं, पोकळ्यांमध्ये चुन्याचे स्फटिक भरतात, धागा ठिसूळ होतो. नवी असताना वाकणारी पट्टी काही पावसाळे गेल्यावर साध्या पट्टीसारखीच टक्कन मोडते. ब्राझीलमध्ये रोमिल्डो टोलेडो फिल्हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिसालच्या, म्हणजे आपल्या घायपाताच्या कुळातल्या झाडाच्या, धाग्यांवर हे बारकाईने तपासलं. सिमेंटचा काही भाग काढून तिथे मेटाकाओलिन किंवा तत्सम बारीक पूड घातली की ती हा चुना खाऊन टाकते आणि धागा टिकतो. जळगाव जिल्ह्यासाठी ही मोठी जमेची बाजू आहे. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीजकेंद्र आहे, आणि तिथली राखही हेच काम करते, थोडी सावकाश इतकंच. एकाच जिल्ह्यातले दोन ढीग, खांबाचा आणि राखेचा, एकमेकांच्या कामाला येऊ शकतात.

मातीत मात्र धाग्याला हा त्रास नाही. आपल्याकडे भिंतीचा गारा तुडवताना गव्हाचं भुसकट घालत. वेरूळच्या बाराव्या लेण्यातल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचं राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली दाखवून दिलं. प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास. बाराशेहून अधिक वर्षं तो गिलावा कातळाला धरून आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यात ही वनस्पती सापडली नाही, आणि तिथल्या चित्रांचं किड्यांनी बरंच नुकसान केलं आहे. कोणता धागा कशात घालायचा हे ओळखणारे कारागीर या भूमीत होते.

रेझिनच्या कारखान्यात सगळं उलट. तिथे पाण्याचा थेंबही नको. धागा भट्टीत सुकवूनच घ्यावा लागतो, नाहीतर पॅनेलमध्ये पांढुरके डाग आणि बुडबुडे येतात. साच्याला मेण, त्यावर जेलकोट, मग धाग्याची चटई, वर कोबाल्ट आणि हार्डनर घातलेलं पॉलिएस्टर रेझिन, आणि रोलरने दाबून हवा बाहेर. हार्डनर पडला की हातात वेळ थोडाच असतो. धागा आधी पाच टक्क्यांच्या कॉस्टिक सोड्यात भिजवून धुतला असेल तर त्यावरचा मेणचट थर निघून पृष्ठभाग खडबडीत होतो आणि रेझिन त्याला धरून बसतं. पॅनेल मोडून कडेला भिंग लावलं की ते कळतं. न धुतलेल्या धाग्याच्या पॅनेलमधून लांब, स्वच्छ केसर बाहेर आलेलं असतं आणि समोरच्या तुकड्यात तेवढीच गोल भोकं दिसतात. धागा न तुटता उपटला गेला, म्हणजे त्याची ताकद कामी आलीच नाही. नीट धुतलेल्याच्या कडेला आखूड खुंट राहतात.

वनस्पतींच्या धाग्यांचा असा वापर नवा नाही. केळीचाच भाऊबंद असलेल्या फिलिपीन्समधल्या अबाकाचा धागा मर्सिडीजच्या गाडीत खाली, जादा चाकाच्या खोबणीच्या आवरणात वापरला गेला आहे. दगड-पाण्याचा मार बसतो अशी ती जागा. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सिमेंटच्या पत्र्यातून ॲस्बेस्टॉस काढून लाकडाच्या लगद्याचे तंतू घातले गेले आणि ते पत्रे दाबाखालच्या वाफेत पक्के केले गेले. आपल्याकडे ॲस्बेस्टॉसच्या खाणींवर बंदी आहे, पण आयात केलेल्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे आजही बनतात आणि गरिबांच्या डोक्यावर बसतात. मुंबईत माटुंग्याची, १९२४ मध्ये सुरू झालेली कापूस तंत्रज्ञान संस्था कपाशीच्या पऱ्हाट्यांपासून बोर्ड बनवण्याचं तंत्र शिकवते. तंत्र नाही म्हणून काम अडलेलं नाही.

अडतं ते शेडमध्ये. यंत्रावरच्या बायकांना मजुरी मिळते सुक्या धाग्याच्या किलोवर. धाग्याला गर चिकटून राहिला तर वजन वाढतं. नीट धुतला तर वजन घटतं आणि त्यात वेळही जातो. जी ताई चांगलं काम करील तिच्या हातात संध्याकाळी कमी पैसे पडतात. हे मला सहन होत नाही. पॅनेल मोडल्यावर प्रयोगशाळेत जो दोष दिसतो त्याचं मूळ मजुरीच्या या हिशोबात आहे. या शेडच्या मालकांनी अलीकडे बाहेरच्या आणि आतल्या सोपटांचा धागा वेगळा बांधायला सुरुवात केली आहे आणि धुण्याची मजुरी किलोवर न ठेवता रोजावर केली आहे. हा वाढीव खर्च खरेदीदाराने दरात धरला तरच ते टिकेल. खरेदीदाराला दाखवायला सिमेंटच्या त्या दोन चकत्या पाठवल्या आहेत. माल त्याला पसंत आहे. किलोमागे किती रुपये वाढवायचे यावर बोलणी अडली आहेत.