दोन आयर्लंडचा एक जॉनी

एकाच खेळाडूने तीन दिवसांच्या आत इंग्लंडविरुद्ध दोन सामने खेळावेत, दोन्ही वेळा 'आयर्लंड'च्या संघाकडून खेळावेत, आणि तरीही ते दोन संघ निरनिराळे असावेत, असे कुणी सांगितले तर आपण त्याला खुशाल वेड्यात काढू. पण ही थाप नव्हे. घडलेली हकीकत आहे. २८ सप्टेंबर १९४६ रोजी बेलफास्टला आयर्लंड इंग्लंडकडून ७–२ असे हरले. ३० सप्टेंबरला डब्लिनला पुन्हा आयर्लंड आणि इंग्लंड यांचाच सामना झाला. त्यात इंग्लंड कसेबसे १–० असे जिंकले. या दोन्ही सामन्यांत आयर्लंडच्या बाजूने जे खेळले, त्यांत एक होता जॉनी केरी.

फुटबॉलच्या इतिहासात केरीपेक्षा चपळ, केरीपेक्षा अधिक गोल करणारे गडी पुष्कळ सापडतील. मला मात्र हा शांत, डोईवरचे केस विरळ झालेला, पाइप ओढणारा आयरिश गृहस्थ फार आवडतो. त्याचे कारण या लेखाच्या ओघात कळेलच.

आधी ते दोन आयर्लंडचे प्रकरण. १९२१ साली देशाची फाळणी झाली आणि फुटबॉलचीही झाली. बेलफास्टची जुनी संघटना आणि डब्लिनची नवी संघटना, दोघीही म्हणत, "आयर्लंड म्हणजे आम्हीच!" बेलफास्टवाले १९५० पर्यंत दक्षिणेतल्या खेळाडूंनाही खुशाल बोलावीत. त्यामुळे केरी डब्लिनच्या आयर्लंडकडून २९ आणि बेलफास्टच्या आयर्लंडकडून ७ सामने खेळला. राजकारणाने ज्या रेघेवर एवढे रण माजवले, ती ओलांडायला या गड्याला एक आगगाडीचे तिकीट पुरे होत होते!

दोनशे पन्नास पौंडांचा पोरगा

केरीचा जन्म डब्लिनचा, १९१९ सालचा. आयर्लंडचा स्वतःचा गेलिक फुटबॉल म्हणून एक खेळ आहे. त्यात चेंडू हातानेही खेळतात. केरी आधी तोच खेळला. पुढे तो सेंट जेम्सेस गेट या संघात आला, आणि तिथे थोडेच दिवस झाले असतील नसतील, तोच मँचेस्टर युनायटेडचा लुई रोका नावाचा पारखी डब्लिनला येऊन ठेपला. तो आला होता दुसऱ्याच खेळाडूला पाहायला. नजरेत भरला केरी. १९३६ च्या नोव्हेंबरात अडीचशे पौंडांत सौदा पटला आणि सतरा वर्षांचा हा मुलगा समुद्र ओलांडून मँचेस्टरला आला.

त्याच्या आगमनाचा एक किस्सा सांगतात. स्टेशनवर वर्तमानपत्राच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिले होते की, युनायटेडने मोठा खेळाडू पटकावला. केरीला वाटले, ही आपलीच बातमी. पेपर उघडून पाहतो तो ती दुसऱ्याच कुणाची! त्याच्या स्वतःच्या वाट्याला आत कुठेतरी दोन ओळी आल्या होत्या. पुढे त्याच शहरात याच माणसाच्या नावाने मथळे सजले, ही गोष्ट वेगळी.

सप्टेंबर १९३७ मध्ये तो युनायटेडच्या पहिल्या संघात आला. त्याच हंगामात युनायटेड दुसऱ्या विभागातून पहिल्या विभागात चढले. आता कुठे मजा सुरू होणार, तोच १९३९ साली महायुद्ध पेटले.

इथे केरीची पहिली कसोटी लागली. आयर्लंड तटस्थ होते. केरीने घरी परतून युद्ध संपेपर्यंत स्वस्थ बसायचे ठरवले असते, तरी त्याला कुणी नावे ठेवली नसती. पण तो ब्रिटिश सैन्यात दाखल झाला. मध्यपूर्वेत आणि इटलीत त्याने नोकरी केली. ज्या देशाने मला पोटाला दिले, त्याच्यासाठी लढणे योग्यच, अशा अर्थाचे त्याचे बोल प्रसिद्ध आहेत. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यातले शेकडो वर्षांचे वैर आठवले, म्हणजे हे वाक्य डब्लिनच्या माणसाने उच्चारणे किती अवघड होते ते ध्यानात येईल. ते देशभक्तीचेही वाक्य नव्हे आणि देशद्रोहाचेही नव्हे. ते खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या माणसाचे वाक्य आहे.

घर नसलेला संघ

युद्ध संपून केरी परतला, तेव्हा युनायटेडला स्वतःचे मैदानच उरले नव्हते. मार्च १९४१ च्या बाँबवर्षावात ओल्ड ट्रॅफर्ड उद्ध्वस्त झाले होते. १९४९ पर्यंत हा संघ शेजारच्या मँचेस्टर सिटीच्या मैदानावर बिऱ्हाडकरूसारखा राहिला. अशा बेघर संघाची सूत्रे १९४५ मध्ये मॅट बझ्बी या स्कॉटिश मॅनेजरने घेतली आणि कर्णधार नेमले केरीला. बझ्बीने त्याला आघाडीवरून मागे नेले आणि फुल बॅकच्या जागी उभे केले. त्या काळचे बहुतेक फुल बॅक दिसेल तो चेंडू धोपटून लांब भिरकावीत. केरी चेंडू थांबवी, मान वर करून पाही आणि आपल्या गड्याच्या पायात नेमका नेऊन देई.

२४ एप्रिल १९४८ चा वेम्बलीवरचा एफ. ए. कपचा अंतिम सामना हा त्या संघाच्या वैभवाचा दिवस. समोर ब्लॅकपूल, त्यांच्याकडे स्टॅन्ली मॅथ्यूज आणि मॉर्टेन्सन. मध्यंतराला युनायटेड २–१ ने मागे होते. घायकुतीला येऊन चेंडू उधळण्याचा मोह कुणालाही व्हावा, अशी ती वेळ. पण केरीचा संघ आपला खेळ सोडीना. आणि शेवटच्या वीसेक मिनिटांत तीन गोल चढवून त्याने सामना ४–२ असा जिंकला. त्या साली इंग्लंडमधील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू म्हणून पत्रकारांनी मॅथ्यूजला पहिल्यांदाच निवडले होते. पुढच्या वर्षी, १९४९ मध्ये, तोच मान केरीला मिळाला.

लीगचे विजेतेपद मात्र त्याला झुलवीत राहिले. १९४७, १९४८, १९४९ आणि १९५१ — चार वेळा युनायटेड दुसरे! अखेर १९५२ साली ते पहिले आले, तेव्हा कर्णधार तेहतीस वर्षांचा झाला होता. त्याच्या या सगळ्या काळात खेळाडूंच्या पगाराला नियमाचे कुलूप होते. ती मर्यादा १९६१ मध्ये उठली, तेव्हा ती आठवड्याला वीस पौंडांवर होती. केरीच्या वेळी तर त्याहूनही कमी. आजच्या लक्षावधींच्या करारांशी याची तुलना करू नये, डोके गरगरते.

युनायटेडमध्ये केरी मैदानावरच्या नऊ जागी खेळला. आणि १९५३ मध्ये गोलरक्षक आजारी पडला, तेव्हा सुंदरलंडविरुद्ध गोलातही उभा राहिला. "ही माझी जागा नव्हे" हे वाक्य त्याच्या कोशात नव्हते.

परका कोण, आपला कोण?

त्याची खरी गंमत पाहायची तर देशोदेशींच्या सामन्यांत पाहावी. मे १९४७ मध्ये ग्लासगोला ग्रेट ब्रिटन विरुद्ध उरलेला युरोप असा सामना झाला. युरोप ६–१ असा हरला. त्या युरोपचा कर्णधार होता केरी! म्हणजे इंग्लंडमध्ये पगार घेणारा, ब्रिटिश सैन्यात राहून आलेला हा माणूस त्या दिवशी 'परदेशी' ठरला.

आणि मग २१ सप्टेंबर १९४९. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आयर्लंड प्रजासत्ताक होऊन राष्ट्रकुलाबाहेर पडले होते. (प्रजासत्ताक होऊनही आपण राष्ट्रकुलात राहायचे, हा भारताचा निर्णय त्याच महिन्यातला.) लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर केरीच्या नेतृत्वाखाली डब्लिनचा संघ उतरला आणि त्याने इंग्लंडला २–० असे हरवले. कॉन मार्टिनने पेनल्टीवर पहिला गोल केला. दुसरा केला पीटर फॅरेलने. हा फॅरेल एव्हर्टनचा, म्हणजे गुडिसन पार्क त्याचे रोजचे मैदान! इंग्लंडच्या भूमीवर ब्रिटनबाहेरच्या संघाकडून इंग्लंड प्रथमच हरले, ते त्या दिवशी. पण १९५३ साली हंगेरीने वेम्बलीवर ६–३ अशी धूळ चारली, तेव्हा घरच्या मैदानावरचा हा पहिलाच परदेशी पराभव म्हणून गवगवा झाला. आयरिश लोक धड परकेही नाहीत! जिंकले की ते घरचे, आणि घरचे म्हणावे तर ते परके. एवढे सोयीचे शेजारी कुणाला नको असतील?

टॅक्सीतला निरोप

१९५३ मध्ये केरीने बूट उतरवले आणि मॅनेजरकी पत्करली. ब्लॅकबर्नला त्याने १९५८ मध्ये पहिल्या विभागात आणले. मग एव्हर्टन. १९६१ मध्ये एव्हर्टन पाचवे आले, युद्धानंतरचा त्यांचा सर्वांत वरचा क्रमांक. पण संघाचे धनी जॉन मूर्स यांचे त्यावर समाधान होईना. लीगच्या बैठकीसाठी दोघे लंडनला गेले असता मूर्सनी त्याला टॅक्सीतच नोकरीवरून काढल्याचे सांगितले. इंग्लंडच्या प्रेक्षकांनी यातून एक थट्टा उचलली: एखाद्या मॅनेजरची खुर्ची डळमळू लागली की, त्याच्यासाठी टॅक्सी बोलवा, अशी आरोळी स्टँडमधून उठे.

केरी काय करता झाला? त्याने लेटन ओरिएंट हा लंडनचा एक लहानसा संघ हाती घेतला आणि १९६२ मध्ये, पहिल्याच हंगामात, पहिल्या विभागात नेला. त्या संघाला हे भाग्य ना पूर्वी लाभले होते, ना नंतर लाभले. १९६७ मध्ये त्याचा नॉटिंगहॅम फॉरेस्ट लीगमध्ये दुसरा आला. पहिला कोण? बझ्बीचे मँचेस्टर युनायटेड!

२२ ऑगस्ट १९९५ रोजी केरी वारला. दोन आयर्लंड, एक इंग्लंड, एक युरोप, मैदानावरच्या दहा जागा, आणि टॅक्सीतली ती एक बैठक, एवढे सगळे त्याच्या वाट्याला आले. माणूस कुठला, हे आपण त्याच्या जन्मगावावरून ठरवतो. केरीकडे पाहिले म्हणजे मला वाटते की, ते त्याने कुठे किती इमानाने काम केले यावरून ठरवावे. त्या हिशेबाने त्याच्यावर डब्लिनचा हक्क आहे, बेलफास्टचा आहे आणि मँचेस्टरचाही आहे. तिघांनी भांडत बसावे. तो असता, तर पाइप पेटवून नुसता हसला असता, आणि विचारले असते, "आज कोणत्या जागी खेळू?"