करंगळीला जागा द्या की राव!

राजारामपुरी असो नाहीतर महाद्वार रोड, बुटाच्या दुकानातला एक सीन ठरलेला आहे. टाच बसते, लांबी बरोबर असते, पण करंगळी बाजूला दबून बसलेली असते. आपण तोंड वाकडं करतो. दुकानदार बुटाचं नाक अंगठ्यानं दाबून बघतो आणि म्हणतो, "वापरलं की सैल पडतंय भावा!" तरीही आपण घुटमळलो, तर दुसरा डायलॉग तयार असतो. "एक नंबर मोठा देऊ काय?"

मोठा नंबर घेतला की करंगळी जरा सुटते. पण आता टाच मागं सटकायला लागते, पुढं बोटभर जागा रिकामी राहते आणि जिना चढताना बुटाचं टोक पायरीला अडतं. सहा-आठ महिन्यांत बूट करंगळीपाशीच उसवतो. कॉलेजच्या कट्ट्यावर बसल्या बसल्या आजूबाजूचे स्निकर्स एकदा बघा. किती जणांचे त्याच जागी फाटलेत, ते मोजायला दोन मिनिटं लागतील.

याच फाटलेल्या बुटांच्या दुनियेत सध्या एक शब्द रील्समधून फिरतोय, 'बेअरफूट शूज'. नावावरून वाटतं की पैसे देऊन अनवाणी फिरायचं. आज्जीला सांगितलं तर हसेल, कारण नवरात्रात नऊ दिवस अनवाणी चालणारी माणसं आपल्या गल्लीतच आहेत आणि तेही फुकटात. पण थोडं समजून घेतलं तर या बुटांमागची गोष्ट रुंद पायांच्या आपल्यासारख्यांसाठी कामाची आहे.

नंबर लांबीचा, दुखणं रुंदीचं

आपल्याकडं बुटाच्या खोक्यावर जो सहा, सात, आठ नंबर असतो तो ब्रिटिश पद्धतीचा. त्यात एका नंबरात साधारण एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो. हा सगळा हिशेब लांबीचा. चवडा किती रुंद आहे, हे त्या आकड्यात कुठंच नाही. मोठा नंबर घेतला की लांबी साडेआठ मिलिमीटरनं वाढते, रुंदी मात्र त्याच्या निम्मीसुद्धा वाढत नाही. म्हणून रुंद पायाचा माणूस कायम लांब बुटात फिरतो. अमेरिकन पद्धतीत रुंदीला वेगळी अक्षरं आहेत. पुरुषांच्या बुटात 'डी' म्हणजे नेहमीची रुंदी, 'टू-ई' रुंद आणि 'फोर-ई' आणखी रुंद. आपल्या दुकानात 'टू-ई दाखवा' म्हणून बघा, बहुतेक ठिकाणी नुसतं बघत राहतील.

बरं, हे फक्त तुमच्या-माझ्या पायाचं दुखणं नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशातल्या 79 ठिकाणी 1,01,880 लोकांचे पाय थ्रीडी स्कॅनरनं मोजले. भारतीय पाय युरोपीय आणि अमेरिकन पायांपेक्षा रुंद असतात, असं त्यातून समोर आलं. भारतीय मुलींचा पाय साधारण अकराव्या वर्षापर्यंत आणि मुलांचा पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत वाढतो, हेही कळलं. म्हणजे बारावीनंतर 'अजून पाय वाढतोय' म्हणून सैल बूट घ्यायचं कारणच उरत नाही! याच मोजमापांवरून 'भा' नावाची भारतीय नंबरपद्धत सुचवली गेली. भारताचा 'भा'. वयानुसार आठ गट आणि आपल्या रुंदीचा विचार केलेले साचे. पण आजही दुकानात गेलं की विचारतात तो यूके नंबरच.

पायाच्या आकारावर चपला-बुटांचा परिणाम होतो का, याचा अभ्यास आपल्या शेजारच्या कर्नाटकात बऱ्याच आधी झालाय. मणिपालच्या डॉक्टरांनी 2300 मुलांचे पायाचे ठसे तपासले आणि 1992 साली निष्कर्ष छापला. पादत्राणं घालणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचं प्रमाण 8.6 टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत 2.8 टक्के. पुढं 2009 साली बेल्जियमच्या संशोधकांनी आयुष्यभर अनवाणी चाललेल्या भारतीयांचे पाय, बूट घालणाऱ्या भारतीयांचे पाय आणि युरोपीय पाय यांची तुलना केली. अनवाणी चालणाऱ्यांचा चवडा रुंद होता आणि चालताना वजन तळव्यावर जास्त सारखं पसरत होतं. थोडक्यात, बोटं पसरलेला 'गावठी' पाय म्हणून ज्याची आपण चेष्टा करतो, त्याला चालायचं काम नीट जमतं.

कागद, पेन्सिल आणि संध्याकाळ

बेअरफूट बुटाची ओळख सोपी आहे. पुढचा भाग बोटांच्या आकाराचा, म्हणजे टोकाला निमुळता न होता पसरलेला. याला 'टो बॉक्स' म्हणतात. टाच आणि चवडा एकाच पातळीत, म्हणजे 'झिरो ड्रॉप'. नेहमीच्या रनिंग शूजमध्ये टाच चवड्यापेक्षा साधारण 8 ते 12 मिलिमीटर उंच असते. सोल पातळ आणि लवचिक, हातानं गुंडाळता येईल असा. आतून कमानीला आधार देणारा उंचवटा नाही.

आता पाय मोजा. घरी, संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. कोऱ्या कागदावर उभं राहायचं, खुर्चीत बसून नाही. वजन पडलं की चवडा पसरतो आणि आपल्याला तोच पसरलेला आकार हवाय. पेन्सिल सरळ उभी धरून भोवती रेघ मारा. पेन्सिल आत कलली की माप खोटं निघतं, म्हणून हे काम भावाला किंवा रूममेटला सांगितलेलं बरं. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत एक माप घ्या. कित्येकांचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, ते विसरू नका. अंगठ्याच्या मुळापासून करंगळीच्या मुळापर्यंत आडवं दुसरं माप. दोन्ही पायांची घ्या, कारण ते क्वचितच सारखे असतात. मोठा पाय धरून बूट निवडायचा आणि लांबीत साधारण एक सेंटीमीटर मोकळं ठेवायचं.

मग तो आकार जुन्या पुठ्ठ्यावर उतरवून कापा आणि दुकानात सोबत न्या. बुटातला इनसोल बाहेर निघत असेल तर त्यावर पुठ्ठा ठेवून बघा. समजा तुमचा चवडा साडेदहा सेंटीमीटर भरला आणि इनसोल साडेनऊचाच आहे, तर 'वापरलं की सैल पडतंय' या वाक्याला काही अर्थ नाही. इनसोल चिकटवलेला असेल तर पुठ्ठा सरळ बुटात सरकवा. कडेनं मुडपला तर बूट अरुंद. दुकानदार बघत राहील, बघू दे. ऑनलाइन घेणाऱ्यांनी नंबराऐवजी कंपनीचा सेंटीमीटरचा तक्ता शोधावा. तक्त्यात रुंदी दिलेली नसेल आणि परत करायची सोय नसेल, तर मी तरी तिथं पैसे घालणार नाही. कारण चांगले बेअरफूट शूज चार आकडी किमतीचे असतात आणि नुसतं 'वाइड फिट' लिहिलेलं प्रत्येक मॉडेल रुंद असतंच असं नाही.

अंगठा आधीच आत वळायला लागला असेल, करंगळीवर कुरूप झालं असेल, तर ही तपासणी आणखी मनावर घ्या. कुरूप कापून काढलं तरी घासणारा बूट तोच राहिला, तर ते परत येतं.

भरतीवाल्यांनो, जरा दमानं

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटे मैदानावर दिसतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर. कुणी स्पाइक्समध्ये, कुणी साध्या बुटात, कुणी अनवाणी. त्यातल्या कुणी रील बघून परीक्षेच्या महिनाभर आधी बेअरफूट शूज घ्यायचं ठरवलं असेल, तर थांबा.

ही लाट जगात एकदा येऊन गेलीय. 2009 साली क्रिस्टोफर मॅकडूगल यांचं 'बॉर्न टू रन' हे पुस्तक आलं, त्यात मेक्सिकोतल्या ताराहुमारा धावपटूंची गोष्ट होती. ते पातळ, वादीनं बांधलेल्या सपाट चपला घालून मैलोन् मैल पळतात. पाच बोटांचे हातमोज्यासारखे बूट एकदम फेमस झाले. 2014 साली ते बूट बनवणाऱ्या व्हिब्रम कंपनीला आरोग्यविषयक जाहिरातींवरून झालेला अमेरिकेतला दावा 37.5 लाख डॉलर देऊन मिटवावा लागला. त्याआधी 2013 साली एक प्रयोग छापून आला होता. 36 धावपटू घेतले, त्यातल्या 19 जणांना दहा आठवड्यांत हळूहळू या बुटांची सवय करायला सांगितली. शेवटी एमआरआय काढले तर त्यातल्या 10 जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. ताराहुमारा लहानपणापासून तसे पळतात. आपली पोटरी वर्षानुवर्षं उंच टाचेच्या बुटाला सरावलेली असते. टाच अचानक खाली आली की पोटरी आणि टाचेमागची शीर जास्त ताणली जाते.

म्हणून सुरुवात चालण्यानं करा. पहिले दोन आठवडे घरात आणि कॉलेजात रोज अर्धा-पाऊण तास. मग रंकाळ्याला एक फेरी. पोटरी दुसऱ्या दिवशी नुसती भरून आली तर ठीक, पण टाचेत किंवा चवड्याच्या हाडात एकाच जागी टोचल्यासारखं दुखायला लागलं तर बूट बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. पळणं त्यानंतर कधीतरी. भरती तोंडावर असेल तर सवयीच्या बुटातच पळा, फक्त तो रुंदीला पुरेसा आहे का ते बघा. घरात कुणाला मधुमेह असेल आणि पायाला बधिरपणा असेल, तर त्यांना असे पातळ सोलचे बूट हौसेनं आणून देऊ नका. खडा टोचलेला त्यांना कळणारच नाही.

मग आपलं पायताण काय वाईट?

हा प्रश्न कोल्हापुरात येणारच! पुढं मोकळी, जवळपास सपाट, कमानीला उंचवटा नाही. वर्णन ऐकलं तर कोल्हापुरी चप्पल म्हणजे बेअरफूट शूजची आज्जीच. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेल्सच्या पायात तशाच चपला दिसल्या, सुरुवातीला कोल्हापूरचं नाव न घेता. इथं किती गदारोळ झाला ते आपण सगळ्यांनी बघितलं. नंतर कंपनीनं मूळ मान्य केलं. त्या गदारोळात आपल्यातल्या कितीजणांच्या पायात कोल्हापुरी होती, हा वेगळा प्रश्न.

पण अभिमान बाजूला ठेवून बघितलं तर दोन्हीत फरक आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याचा तळ नवा असताना कडक असतो, गुंडाळायचा विषयच नाही. अंगठ्याची रिंग पाय धरून ठेवते, पण नवीन असताना लागते. तेल लावून, रोज थोडा वेळ वापरून ती मऊ करावी लागते. पळायला, फुटबॉलला, पन्हाळा ते पावनखिंड पावसाळी ट्रेकला ती उपयोगाची नाही. चिखलात तर चामड्याची वाटच लागते.

रुंद पायाला मात्र ती जे देते, ते खोक्यातला बूट देत नाही. चवड्याच्या दोन्ही बाजूंना भिंत नाही, करंगळी कशावरही घासत नाही. आणि मुख्य म्हणजे ती मापानं बनवून घेता येते. चप्पल लाईनीत ओळीनं दुकानं आहेत. चपला तयार करणारे कारागीर सुभाषनगर, जवाहरनगर भागात आहेत, आणि वेणी घालण्यासारखं बरंच काम घरातल्या बायका करतात. पायाखाली कागद ठेवून रेघ मारायची जी पद्धत मघाशी सांगितली, ती त्यांना शिकवायला जाऊ नका. पट्टा किती सैल हवा, कान किती बाहेर हवा, एक पाय मोठा असेल तर त्या पायाची चप्पल वेगळी, हे सगळं रापी चालवायच्या आधी सांगता येतं. 2019 पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. रस्त्याकडेला मिळणारी रेक्झिनची 'कोल्हापुरी' त्यात येत नाही. तिला पायाचा आकार घ्यायचं चामड्याचं कसबही नसतं.

सध्या दोन्हीसाठी बजेट नसेल तर एक फुकटचा उपाय. आहे त्याच बुटाची लेस पूर्ण काढा आणि बोटांजवळची पहिली दोन भोकं सोडून तिसऱ्यापासून परत ओवा. चवड्यावरचा दाब लगेच कमी होतो. मोजे घट्ट असतील तर तेही बदला, कारण बोटं आधी तिथंच आवळली जातात. आणि पुढच्या वेळी बूट घ्यायला जाताना तो कापलेला पुठ्ठा बॅगेत टाकायला विसरू नका.