बेट लहान, प्रश्न मोठा

कृत्रिम बुद्धिमत्तेचे नियम अमेरिका, चीन आणि युरोपने करावेत, लहान देशांनी ते पाळावेत, असा समज सर्रास आढळतो. मॉरिशसकडे पाहिले की तो टिकत नाही. मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या नांदत असलेल्या या बेटाची लोकसंख्या जेमतेम साडेबारा लाख. तरीही त्याने नोव्हेंबर २०१८ मध्येच आपले एआय धोरण प्रसिद्ध केले. भारतात नीती आयोगाचे चर्चापत्र त्याच वर्षी जूनमध्ये आले होते.

एआयच्या नावाचा स्वतंत्र कायदा नाही, म्हणजे रान मोकळे, हाही गैरसमजच. मॉरिशसचा २०१७ चा डेटा संरक्षण कायदा जानेवारी २०१८ पासून लागू आहे. माणसावर मोठा परिणाम करणारा निर्णय केवळ यंत्रावर सोपवला जाऊ नये, हा हक्क त्याचे कलम ३८ देते. करार, कायद्याची परवानगी आणि स्पष्ट संमती हे अपवाद आहेत.

‘सरकारने मागितले तर द्यावेच लागते’ हा समज मात्र सर्वांत घट्ट रुजलेला. २०१३ मध्ये तिथे बोटांचे ठसे घेणारे नवे ओळखपत्र आले आणि एक नागरिक थेट न्यायालयात गेला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : ओळखपत्रासाठी ठसे घेणे वैध, पण ते मध्यवर्ती साठ्यात अनिश्चित काळ ठेवणे घटनाबाह्य. ठसे किंवा चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणा अशाच साठ्यांवर चालतात, म्हणून हा निकाल एआयच्या चर्चेत मोलाचा. ओळखपत्रावरच्या ठशांविरुद्ध तो नागरिक पुढेही लढत राहिला. मॉरिशसचे अंतिम अपील न्यायालय असलेल्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये तो हरला. पण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०२१ मध्ये त्याच्या बाजूने मत दिले : त्या ठशांच्या सुरक्षिततेची पुरेशी हमी नाही, म्हणून खासगीपणाचा भंग झाला आहे. एका माणसाच्या चिकाटीने एवढे साधावे, ही लहान देशाची ताकदच म्हणायला हवी.

मग सारे आलबेल आहे का? नाही. ‘सेफ सिटी’ प्रकल्पात हुआवे या चिनी कंपनीच्या तंत्रज्ञानावर चालणारे सुमारे ४,००० कॅमेरे बेटभर बसवण्याची योजना आखली गेली. कॅमेरे लागले की सुरक्षा आपोआप येते, हे गृहीत धरणे धोक्याचे. चित्रीकरण कोण पाहतो, किती दिवस ठेवतो, हे नागरिकाला विचारता आले पाहिजे. डेटा कायद्याचे कलम ४४ इथे आडवे येते. राष्ट्रीय वा सार्वजनिक सुरक्षेसाठी आवश्यक आहे असे पंतप्रधानांचे मत झाले, तर त्या माहितीला कायद्याच्या तरतुदींतून सूट मिळू शकते. ही सूट तपासणारी स्वतंत्र यंत्रणा हवी, आणि ती मागणी कॅमेरे जुने होण्याआधी व्हायला हवी.