कमोडोर ६४ ची बटणं चालत नाहीत? उघडण्याआधी हे तपासा

१९८२ साली आलेला कमोडोर ६४ हा कम्प्युटर हौशी लोक आजही जपून वापरतात. पण इतक्या जुन्या कीबोर्डची एक तक्रार ठरलेलीच: काही बटणं जोरात दाबल्याशिवाय उमटत नाहीत, काही तर अजिबातच नाहीत. लगेच स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नका. आधी कोणती बटणं बंद आहेत ते कागदावर लिहा. निम्मं निदान तिथेच होतं.

आत नेमकं काय चालतं?

कीबोर्डवर बटणं ६६, पण प्रत्येकाला वेगळी वायर नाही. ८ आडव्या आणि ८ उभ्या लाइन्सची जाळी असते, म्हणजे ६४ जागा. उरलेल्या दोनपैकी शिफ्ट लॉक हे डाव्या शिफ्टलाच जोडलेलं असतं आणि रिस्टोरची वायर स्वतंत्र असते. बटण दाबलं की त्याखालचा कार्बनचा रबरी तुकडा सर्किट बोर्डावर टेकतो आणि दोन लाइन्स जोडल्या जातात. घरातल्या टीव्हीच्या रिमोटमध्येही हेच तंत्र असतं. ६५२६ नावाची चिप या लाइन्स वाचते.

लक्षणावरून दोष ओळखा

• एखाद-दुसरंच बटण बंद: बहुतेक वेळा धूळ किंवा चिकट थर.
• डब्ल्यू, ए, एस, झेड, ई, ३, ४ आणि डावी शिफ्ट एकदम बंद: ही सगळी एकाच लाइनवर आहेत. साफ करून उपयोग नाही. कनेक्टर, वायर किंवा चिप तपासा.
• डावी शिफ्ट बंद, पण शिफ्ट लॉक चालू: लाइन ठीक आहे, शिफ्टखालचा संपर्क खराब आहे.
• आपोआप अक्षरं उमटतात: आधी जॉयस्टिक काढून बघा. तीही याच चिपवर चालते.
• रिस्टोरला फटका मारावा लागतो: बऱ्याच मशीनमध्ये ते पहिल्यापासून असंच आहे.

साफ कसं करायचं?

१. पॉवर बंद करून वायर काढा. मगच कीबोर्डचा कनेक्टर सोडवा.
२. शिफ्ट लॉकच्या दोन वायर सोल्डर केलेल्या असतात. त्या आधी सोडवा, ओढू नका.
३. मागचे बारीक स्क्रू काढून सर्किट बोर्ड अलगद उचला.
४. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन बोर्डावरचे संपर्क पुसा.
५. कार्बनचे तुकडे साध्या कागदावर हलके घासा. सँडपेपर अजिबात नको, कार्बनचा थरच निघून जाईल.
६. सगळं पूर्ण वाळू द्या. स्क्रू बेताने आवळा, जुनं प्लास्टिक चटकन तडकतं.

कमोडोर कंपनी १९९४ मध्येच दिवाळखोरीत गेली. त्यामुळे चांगली चिप उगाच उपटली आणि तुटली, तर अस्सल सुटा भाग जुन्या मशीनमधूनच शोधावा लागतो. म्हणून आधी बंद बटणांची यादी, मग कापूस आणि सोल्डरिंगची वेळ सगळ्यात शेवटी.