बुडवलेलं जहाज प्रवाळांना वाचवेल?

जालना जिल्ह्यातल्या हसनाबादपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, पण तारकर्ली-मालवणचं स्कूबा डायव्हिंग तिथेही आता ठाऊक आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीची प्रवाळं मात्र डायव्हिंगसाठी येणाऱ्या गर्दीपुढे नाजूक आहेत. प्रवाळ म्हणजे रंगीत दगड नव्हे, सूक्ष्म प्राण्यांची वसाहत. कित्येक जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात आणि पायाच्या एका बेफिकीर फटक्याने मोडतात. १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, तरी होडीचा नांगर अधिसूचना वाचत नाही.

म्हणूनच नौदलातून २०२४मध्ये निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका सिंधुदुर्गातल्याच निवतीजवळ बुडवण्याची योजना मला पटते; डायव्हिंगची गर्दी प्रवाळांऐवजी तिकडे वळू शकते. पोलादावर शेवाळ, शिंपले चिकटतात, मागोमाग मासे येतात. नवशिक्या डायव्हरांचे धक्केही पोलाद सोसतं. हे समुद्रात भंगार टाकणं झालं, असा आक्षेप येतो. तेल, घातक रंग, तारा आधी काढल्या नाहीत तर तो रास्तच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: जहाज मासे वाढवत नाही, आसपासचे नुसते गोळा करतं. त्यात तथ्य आहे, म्हणून तिथे मासेमारीवर बंधन हवं. शिवाय प्रवाळांवरच्या फेऱ्या खरोखर कमी केल्या नाहीत, तर गर्दीला आणखी एक ठिकाण मिळेल, इतकंच.