लहान भूकंप टिपायचे तर कोणते यंत्र न्यावे?

1983 च्या पावसाळ्यात शहापूर तालुक्यातील भातसा धरणाच्या परिसरात जमीन वारंवार हादरू लागली. 15 सप्टेंबर 1983 रोजी सुमारे 4.9 रिश्टरचा धक्का बसला. कोयनेचा 1967 चा भूकंप लोक विसरले नव्हते, त्यामुळे भीती साहजिक होती. नोव्हेंबर 2018 पासून पालघरमधील डहाणू-तलासरी भागातही असेच धक्के सुरू झाले आणि लोकांनी रात्री घराबाहेर काढल्या.

अशा वेळी गावकऱ्यांचा प्रश्न एकच असतो: हे धक्के नेमके कुठून येतात? धरणाखालून, गावाखालून की आणखी कुठून? दूरच्या कायमस्वरूपी केंद्रांवरून याचे नेमके उत्तर मिळत नाही. त्यासाठी सहज नेता येणारे भूकंपमापक गावोगावी बसवावे लागतात. समजा, असे एक यंत्र शहापूर तालुक्यातल्या शेणव्याला शाळेच्या आवारात बसवायचे आहे. ते निवडताना काय पाहावे?

लहान धक्का, जलद कंपने

मोठा भूकंप ढोलासारखा घुमतो, लहान भूकंप टिमकीसारखा वाजतो. एक-दोन रिश्टरच्या जवळच्या धक्क्यात सेकंदाला कित्येक दहा कंपने, म्हणजे कित्येक दहा हर्ट्झ वारंवारता असू शकते. दूर जाताना ही जलद कंपने वाटेतल्या खडकात विरतात. म्हणून यंत्र जवळ हवे आणि जलद नोंद करणारेही हवे.

सेकंदाला किती नमुने?

डिजिटल यंत्र जमिनीची हालचाल सलग नोंदवत नाही. ते ठरावीक अंतराने नमुने घेते. सेकंदाला 100 नमुने घेतले, तर 50 हर्ट्झच्या वरची कंपने नीट कळत नाहीत. उलट ती खोटी, मंद लहर बनून नोंदीत शिरतात. सिनेमात गाडीचे चाक उलटे फिरताना दिसते, तसाच हा प्रकार. हे टाळायला यंत्रात नमुने घेण्याआधी जलद कंपने गाळणारी चाळणी हवी. जवळच्या लहान धक्क्यांसाठी सेकंदाला 200 ते 500 नमुन्यांची सोय असलेले यंत्र बरे.

मात्र नमुने वाढले की साठाही वाढतो. तीन दिशांची नोंद, सेकंदाला 250 नमुने आणि प्रत्येक नमुन्याला 4 बाइट धरले, तर दिवसाला सुमारे 260 एमबी होतात. 32 जीबीचे कार्ड साधारण चार महिने पुरते.

संवेदक आणि आवाका

नोंदवणारा डबा कितीही चांगला असला, तरी जमिनीतला संवेदक जलद कंपने पकडणारा नसेल तर उपयोग नाही. जवळच्या धक्क्यांसाठी लहान, दणकट जिओफोन पुष्कळदा पुरतो. महागडा ब्रॉडबँड संवेदक दूरच्या मोठ्या भूकंपांच्या संथ लाटांसाठी अधिक उपयोगी.

आवाकाही पाहावा. 24 बिटचे यंत्र तत्त्वतः सुमारे 1 कोटी 67 लाख पायऱ्या मोजते. त्यामुळे बारीक थरथर आणि मोठा धक्का, दोन्ही एकाच नोंदीत मावू शकतात.

घड्याळ चुकले तर केंद्र चुकले

भूकंपाची पहिली लाट खडकातून सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर जाते. घड्याळ एक दशांश सेकंदाने चुकले, तर अंतरात 600 मीटरची चूक होते. धक्का धरणाखालचा की शेजारच्या टेकडीखालचा, हे ठरवताना एवढी चूक मोठी आहे. म्हणून जीपीएसशी जुळणारे घड्याळ हवेच. शिवाय एका यंत्राने केंद्र सापडत नाही. निदान तीन-चार ठिकाणी यंत्रे लागतात आणि खोली कळण्यासाठी त्यातले एखादे केंद्राच्या अगदी जवळ असावे लागते.

पाऊस, वीज आणि पिठाची गिरणी

भातशाचे धक्के पावसाळ्यात वाढले होते आणि सौर पॅनेल नेमके तेव्हाच कमी वीज देते. 2 वॅट खाणाऱ्या यंत्राला 12 व्होल्ट, 40 अँपिअर-अवरची बॅटरी हिशेबाने दहा दिवस पुरते, प्रत्यक्षात त्याहून कमी. डबा पाणीबंद हवा. संवेदक शक्यतो उघड्या कातळावर बसवावा. रस्ता, पंप आणि पिठाच्या गिरणीपासून दूर. खाणीतल्या सुरुंगांच्या वेळा टिपून ठेवाव्यात, नाहीतर सुरुंगही भूकंप म्हणून मोजला जातो.

गावोगावी पाठवण्यापूर्वी सगळी यंत्रे एक दिवस शेजारी शेजारी ठेवून चालवावीत. एकाच थरथरीची नोंद सगळीकडे सारखी आली, तरच पुढे गावकऱ्यांना दिलेल्या उत्तरावर विसंबता येईल.